विहारयात्रा आणि धर्मयात्रा

जेत्यांनी वसवलेल्या जुन्या शहरांतून हिंडणाऱ्या प्रवाशापुढे एक धर्मप्रश्न असतो. जिथली दैवते मोडून नवी बसवली गेली, जिथल्या कारागिरांचे हात दुसऱ्याच्या देवासाठी राबले, त्या जागेचे सौंदर्य नुसते डोळ्यांनी उपभोगून निघून जावे का? मेक्सिकोतील चोलुला येथे स्पॅनिशांनी बांधलेले चर्च एका प्रचंड प्राचीन पिरॅमिडच्या माथ्यावर उभे आहे. पिरॅमिडवर गवत-झाडी माजल्यामुळे दुरून पाहणाऱ्याला टेकडीवरचे एक देखणे चर्च तेवढे दिसते. आपल्याकडे वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चांच्या कमानींखालीही माणूस असाच रमतो. रमण्यात पाप नाही. पण तेवढ्यावर प्रवास पुरा होतो का, हा प्रश्न उरतो आणि त्यावरचा फार जुना भारतीय विचार दगडावर कोरलेला आहे.

अशोकाचा आठवा शिलालेख प्रवासाविषयीच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार आणि तशाच इतर करमणुकी करत, असे तो सांगतो. अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तिथून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत काय घडे, याची यादी लेखातच आहे: ब्राह्मण आणि श्रमणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना सोने, खेड्यापाड्यांतल्या लोकांचे दर्शन, त्यांच्याशी धर्माची बोलणी. स्थळाचा उल्लेख एकच आहे, बाकी सगळी माणसे आहेत. दर्शन घ्यायचे ते जनपदातल्या माणसांचे, ही कल्पना आजच्या प्रवासी पुस्तिकांपेक्षा कितीतरी पुढची आहे.

हाच विचार दिल्लीत हिंदूराव रुग्णालयाजवळच्या स्तंभावर अधिक नेमका होतो. या स्तंभावर अशोकाचे स्तंभलेख आहेत. त्यांतल्या सहाव्या लेखात तो म्हणतो की, सर्व पंथांचा आपण नाना प्रकारे सन्मान केला, पण स्वतः त्यांच्याकडे जाणे हेच आपल्याला मुख्य वाटते. देणगी दुसऱ्याच्या हातून पाठवता येते, आदराचे शब्द लिहून धाडता येतात. जाणे मात्र स्वतःलाच जावे लागते.

या स्तंभाचा स्वतःचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. तो मूळचा मेरठचा. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो दिल्लीला आणवला आणि टेकडीवरच्या आपल्या शिकारमहालाच्या आवारात उभा केला. मृगया सोडलेल्या राजाचे शब्द असे मृगयेच्या महालात जाऊन बसले. ते वाचू शकणारे तेव्हा कुणी उरले नव्हते. अठराव्या शतकाच्या आरंभी, फर्रुखसियरच्या काळात, दारूच्या स्फोटात स्तंभाचे पाच तुकडे झाले. लेख असलेला भाग पुढे कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत गेला, परत आला आणि 1867 मध्ये स्तंभ जोडून पुन्हा उभारला गेला.

ज्या मराठी सरदाराचे नाव या जागेला मिळाले, तो हिंदूराव कागलच्या घाटग्यांचा, बायजाबाई शिंद्यांचा भाऊ. 1835 मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला आणि त्याचा टेकडीवरचा बंगला हिंदूरावाने घेतला. 1857 च्या वेढ्यात त्याच घराचा इंग्रजांनी मोर्चा केला. जवळच त्यांनी 1863 मध्ये आपल्या पडलेल्या सैनिकांचे गॉथिक धाटणीचे स्मारक बांधले. त्यावर ज्यांना शत्रू म्हटले आहे ते स्वातंत्र्यासाठी लढलेले हुतात्मे होते, असे सांगणारा फलक 1972 मध्ये तिथे लावण्यात आला. मूळ शिला न काढता शेजारी दुसरी लावली, हा निर्णय शहाणपणाचा होता. दोन्ही वाचणाऱ्यालाच त्या जागेचे काही कळते.

अशोकाचे उत्तर मात्र निर्वेध नाही. त्याची धर्मयात्रा ही सम्राटाची यात्रा होती. सोने वाटणारा तोच, धर्म सांगणारा तोच आणि समोरच्याला नाही म्हणण्याची मोकळीक किती असेल? कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप तेराव्या शिलालेखात आहे, पण खुद्द कलिंगातल्या धौली आणि जौगड येथे तो लेख कोरलेला नाही. त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांना जिंकले त्यांच्यापुढे दुःख बोलून दाखवणे सर्वांत अवघड असते, आणि त्या ठिकाणी अशोकही थांबला.

स्पॅनिश अमेरिकेत हाच पेच वास्को दे किरोगा याच्या रूपाने दिसतो. मिचोआकानच्या पुरेपेचा लोकांच्या राजाला 1530 मध्ये नुन्यो दे गुझमान याने ठार करवले. त्यानंतर तिथे गेलेला किरोगा हा मूळचा कायदेपंडित. टॉमस मोरच्या ‘युटोपिया’ने भारावून त्याने पाट्स्कुआरो सरोवराकाठी सामायिक शेती आणि रुग्णसेवेची वसाहत उभी केली, पुढे तो तिथला बिशप झाला. एकेका गावाने एकेक कसब सांभाळावे, ही तिथली रीत त्याच्याच नावावर सांगितली जाते. सांता क्लारा देल कोब्रे आजही तांब्याच्या ठोकीव भांड्यांसाठी ओळखले जाते. पण तांबे घडवणे पुरेपेचांना स्पॅनिश येण्याआधीपासून येत होते. पाट्स्कुआरोची आरोग्यमाता मेरी मक्याच्या ताटांच्या लगद्यातून घडवलेली आहे आणि ही कृतीही त्यांचीच. पूर्वी तिच्यातून त्यांची स्वतःची दैवते साकारत. पुरेपेचा लोक किरोगाला आजही ‘ताता’, म्हणजे बाबा म्हणतात. ही माया खरी आहे आणि तिच्यामागचा पराभवही खरा आहे. एकासाठी दुसरे झाकणारा प्रवासी अर्धेच पाहून येतो.

वसईत ही गुंतागुंत मराठी बोलते. 1534 पासून 1739 पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती आणि 1580 ते 1640 या काळात पोर्तुगालवर स्पेनच्याच राजाची सत्ता होती. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया स्पॅनिशांच्या मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि 1862 मध्ये संत ठरला. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर चर्चच्या घंटा मराठी देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर 1721 हे साल आहे. किल्ल्याच्या भिंतींपलीकडे ज्यांची प्रार्थना मराठीत चालते अशी ख्रिस्ती गावे नांदती आहेत. ‘सुवार्ता’ हे त्यांचे मासिक मराठी, आणि त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. या माणसांशी न बोलता किल्ला पाहिला, तर त्यांचा धर्म म्हणजे जेत्यांचे राहून गेलेले सामान, असा अन्याय्य समज घेऊन माणूस परततो. चारशे वर्षे श्रद्धेने जपलेली गोष्ट कुणाकडून आली यापेक्षा ती कुणाची झाली, हे अधिक महत्त्वाचे आहे.

कारागिरांच्या गावात प्रश्न आणखी जवळ येतो, कारण तिथे पैसा मध्ये असतो. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. पोथीतले एकेक चित्र पुढे धरत रामायण-महाभारतातल्या कथा देवळात गाऊन सांगायच्या, हे त्या कलेचे मूळ रूप. परशुराम गंगावणे यांनी ती टिकवण्यासाठी आयुष्य वेचले, गावात संग्रहालय उभारले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवर लावायला एखादे चित्र विकत घेणे चांगलेच. त्यावर घर चालते. पण कथा न ऐकता चित्र नेणाऱ्याच्या हाती कलेचा तुकडाच येतो.

अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यास, वसईच्या शेजारीच मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा 1956 मध्ये त्याच परिसरात, भुईगावला सापडला. त्या नवव्या लेखात मंगलविधींचा विचार आहे. लोक आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे, असे अशोक म्हणतो. ज्याचे फळ मोठे ते धर्ममंगल. त्यात त्याने पहिली धरली आहे ती दास आणि मजुरी करणाऱ्यांशी नीट वागणूक, मग गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.