चव बदलली, धूर तोच



शुक्रवारची सुट्टी. सकाळी घरी त्रिशरण-पंचशील झाले, जेवणे झाली आणि संध्याकाळी तरुण मंडळी समुद्राकाठच्या कॅफेत गेली. तिथे कुणी सफरचंदाच्या चवीचा शिशा मागवतो, कुणाच्या खिशात विमानतळावरून आणलेला व्हॅनिलाचा सिगार असतो. आपण हटकले तर उत्तर ठरलेले: "काका, हा साधा सिगार नाही, फ्लेवरवाला आहे. आणि पंचशीलात तंबाखूचे नाव कुठे आहे?"

मुलांवर डोळे वटारण्याआधी या दोन्ही गोष्टी तपासून पाहू.

साधा सिगार, ज्याला आपली जुनी माणसे चिरूट म्हणत, म्हणजे वाळवून मुरवलेली तंबाखूची पाने गुंडाळलेली. नवख्याला पहिल्याच झुरक्यात ठसका लागतो. तो ठसका शरीराचा इशारा असतो. फ्लेवरवाल्या सिगारातही तंबाखूच असते. तिच्यावर व्हॅनिला, चेरी, मध यांचा सुगंध चढवलेला असतो. निकोटीन तेच, डांबर तेच; फक्त इशारा दबून जातो. शिशातल्या तंबाखूचे 'मुअस्सल' हे नावच अरबी 'असल', म्हणजे मध, यावरून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली सांगितले होते, की शिशाच्या तासाभराच्या एका बैठकीत एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर आत जाऊ शकतो.

अमेरिकेने २००९ च्या कायद्याने सिगारेटमधील फळांच्या व मिठाईच्या चवी बंद केल्या, कारण त्या मुलांना ओढतात. सिगार मात्र त्या बंदीतून सुटले आणि फ्लेवरवाले छोटे सिगार विकले जात राहिले. चव कुणासाठी घातली जाते, हे यावरून समजावे.

मग साधा सिगार बरा का? तो आपला कडूपणा लपवत नाही, एवढेच. विषाने आपले नाव सांगितले म्हणून ते औषध होत नाही.

आता शीलाचा प्रश्न. तंबाखू भारतात आली ती पोर्तुगीजांबरोबर, बुद्धांनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी. तिचे नाव पंचशीलात कसे असेल? तंबाखूने दारूसारखी शुद्ध हरपत नाही, हेही मान्य. पण पाचव्या शीलाचा रोख पदार्थाच्या नावापेक्षा प्रमादावर, बेसावधपणावर आहे. पहिला झुरका आपण निवडतो. सवय लागली की पुढचे झुरके तृष्णा निवडते. आणि फ्लेवरचे कामच मुळी आपल्याला बेसावध करण्याचे आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला प्रज्ञा आणि शीलाबरोबर करुणाही शिकवली. भंडारा-गोंदियाकडच्या आपल्या कित्येक घरांत आई-आजीने तेंदूपानात तंबाखू भरून विड्या वळल्या. त्या तंबाखूला कसलाही फ्लेवर नव्हता. तिची धूळ त्यांच्या छातीत गेली आणि त्या मजुरीतून मुलांची फी भरली गेली. त्याच घरातला मुलगा आज मस्कतमध्ये रियाल मोजून तीच तंबाखू, सुगंध लावलेली, विकत घेतो. घरी फोन करताना त्याने हे एकदा आठवावे.

तेव्हा पुढच्या शुक्रवारी मुलांना रागावू नका. शेजारी बसून एवढेच विचारा: "यातली चव काढून घेतली, तर तू हे ओढशील का?" उत्तर 'नाही' आले, तर त्याला तंबाखू नको आहे; सोडायला हीच वेळ सोपी. उत्तर 'हो' आले, तर सवय लागली आहे. मग त्याला उपदेश पुरणार नाही, डॉक्टरकडे सोबत जाणारा माणूस लागेल. तो माणूस आपण व्हावे.

नमो बुद्धाय! जय भीम!