रस्ता तर धड आहे!

एप्रिल-मेमधल्या एखाद्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड लागलेलं दिसतं. दोघं-तिघं खराट्यानं रस्त्यावरची धूळ काढत असतात, एक जण बारीक भेगांमध्ये गरम डांबर ओतत असतो. आपण डबा घेऊन घाईत निघालेलो. बहुतेकांच्या मनात तेव्हा एकच येतं : अहो, हा रस्ता तर धड आहे! पलीकडच्या चौकातला खड्डा आधी बुजवा की!

राग रास्त आहे. चौकातला खड्डा बुजवायलाच हवा. पण डांबरी रस्त्याचं दुखणं जरा निराळं असतं. उन्हानं डांबर वर्षागणिक कडक होत जातं, त्याचा चिवटपणा जातो आणि केसासारख्या भेगा पडतात. पाऊस त्यातून आत उतरतो. खालची खडी आणि मुरूम भिजतात. वरून बस गेली की आतलं पाणी दाबलं जातं आणि बारीक माती घेऊन वर येतं. हळूहळू खाली पोकळी होते आणि मग वरचा थर खचतो. खड्डा एका रात्रीत पडला असं आपल्याला वाटतं, पण त्याची सुरुवात कधीच झालेली असते. म्हणून भेग लहान असतानाच भरायची आणि डांबराच्या इमल्शनमध्ये बारीक कच मिसळून वर पातळ थर द्यायचा. मायक्रोसरफेसिंग नावाच्या या पद्धतीत हा थर जेमतेम चार ते आठ मिलिमीटरचा असतो. त्यानं रस्त्याला ताकद येत नाही, पण पाणी अडतं. खचलेल्या रस्त्यावर तो दिला तर पैसे वाया. तो रस्ता खणूनच करावा लागतो. त्यामुळे हे औषध नेहमी धड रस्त्याच्याच वाट्याला येतं. थंडी सुरू झाली की टाचा फुटायच्या आधीच आपण कोकमाचं तेल लावतो, तसंच हे.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं कौतुक आजही होतं. १९७६ साली दहा वर्षांची हमी देऊन तो केला आणि हमी संपल्यावरही कित्येक पावसाळे टिकला. असे रस्ते क्वचितच. बाकीच्यांना कुणीतरी जपावं लागतं. सार्वजनिक बांधकाम खात्याचे मैलकुली हेच करायचे. ठरलेल्या लांबीचा रस्ता त्यांच्याकडे असे. घमेलं-फावडं घेऊन साईडपट्टी उतरती ठेवायची, गटार मोकळं करायचं, पाणी डांबरावर थांबू द्यायचं नाही. या माणसांना कुणी शाबासकी दिल्याचं मी तरी ऐकलं नाही. घरातही आपण असंच वागतो. कुरकुरणाऱ्याकडे लक्ष जातं. जे माणूस मुकाट्यानं सगळं करतं, त्याची विचारपूस राहून जाते. त्याचं ठीक चाललंय, म्हणून आपण पुढे जातो. खरं तर त्याला विचारायची वेळ तीच असते. तेव्हा दोन मिनिटं पुरतात.

तुमच्या गल्लीत असं काम निघालं, तर गाडी आदल्या रात्रीच हलवा. नवा थर आधी तपकिरी दिसतो, वाळेल तसा काळा होतो. तोवर त्यावर पाय देऊ नका, मुलांनाही सांगून ठेवा. पहिले काही दिवस सुटी कच राहते, तेव्हा वळणावर दुचाकी सावकाश घ्या. गच्चीच्या किंवा मोरीच्या पाण्याचा पाइप रस्त्यावर सोडला असेल, तर पावसाच्या आत तो गटाराकडे वळवून घ्या. आणि भर उन्हात, तापलेल्या डांबराशेजारी काम करणाऱ्यांना प्यायला पाणी विचारा.