दिव्यातला जिन्न आणि बाजारातला माणूस

नव्वदच्या दशकात शाळेत जाणारी पिढी आता चाळिशीत आली आहे. घरात मुले आहेत आणि कोणताही जुना सिनेमा घरबसल्या लावता येतो. साहजिकच आईबाप आपल्या लहानपणचे सिनेमे मुलांना दाखवू लागले आहेत. १९९१चा 'हुक', १९९२चा 'अलादिन', १९९५चा 'जुमानजी', १९९६चा 'माटिल्डा'. आपल्याकडे हे सिनेमे बहुधा भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर आले, नाहीतर केबलवाल्याच्या मेहेरबानीने. त्यातले इंग्रजी निम्मे कळायचे, निम्मे चित्रांवरून जुळवून घ्यायचे. आता सगळे कळते, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

मुस्लिम घरांत 'अलादिन'ची गोष्ट जरा निराळी होती. सिनेमा परदेशी, पण नायकाचे नाव आपल्या मोहल्ल्यातले. राजवाड्यात तो सोंग घेऊन येतो तेव्हा त्याचे नाव प्रिन्स अली असते. अमेरिकेत हा सिनेमा नोव्हेंबर १९९२मध्ये लागला. त्याच हिवाळ्यात, ६ डिसेंबरला, बाबरी मशीद पाडली गेली आणि डिसेंबर-जानेवारीत मुंबई पेटली. दारावरच्या नावाच्या पाट्या उतरवून ठेवण्याचे ते दिवस होते. पुढे वर्षा-दोन वर्षांनी कॅसेटवर अली नावाच्या तरुणाची हत्ती-उंटांसह मिरवणूक निघते आणि सारे शहर त्याचे नाव घेत नाचते, हे पाहताना आपल्या मुलांना काय वाटले असेल ते या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता तोच सिनेमा पुन्हा लावला की पहिल्याच मिनिटात ठेच लागते. उंटावरून येणारा फेरीवाला एक गाणे गात आपल्या मुलुखाची ओळख करून देतो. मूळ गाण्यात ही ओळख अशी होती, की एखाद्याचा तोंडवळा आवडला नाही तर इथले लोक त्याचा कान कापतात. अमेरिकन-अरब अँटी-डिस्क्रिमिनेशन कमिटीने हरकत घेतली, तेव्हा १९९३च्या कॅसेटसाठी ती ओळ बदलून तिथे वाळवंटाचा विस्तार आणि उष्मा आणला गेला. मात्र त्याच मुलुखाला रानटी ठरवणारा शब्द तसाच राहिला. २०१९मध्ये माणसे घेऊन नव्याने केलेल्या 'अलादिन'मध्ये तो गेला. एक शब्द काढायला सत्तावीस वर्षे!

मला मात्र त्या ओळीपेक्षा बाजारच अधिक बोचतो. राजकन्या भुकेल्या मुलाला सफरचंद देते, आणि तेवढ्यावरून फळवाला तिचा हात तोडायला निघतो. न्याय नाही, काझी नाही, चौकशी नाही. सुरा मात्र तयार. शिवाय अलादिन, जास्मिन ही मंडळी अमेरिकन मुलांसारखी बोलतात आणि पहारेकरी-दुकानदारांच्या तोंडी जाड, परके उच्चार. म्हणजे ज्याच्यावर प्रेम करायचे तो आपल्यातला, आणि ज्याला भ्यायचे तो तिथला. लेबनीज वंशाचे अमेरिकन अभ्यासक जॅक शाहीन यांनी नऊशेहून अधिक सिनेमे तपासून २००१मध्ये 'रील बॅड अरब्ज' हे पुस्तक लिहिले. अरब माणसाचे हे जुने सोंग पुन्हा पुन्हा कसे वापरले जाते, ते त्यांनी त्यात दाखवून दिले.

हे फार मनाला लावून घेणे आहे, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी एकच गोष्ट नोंदवतो. डिसेंबर २०१५मध्ये 'पब्लिक पॉलिसी पोलिंग' या अमेरिकन संस्थेने मतदारांना विचारले, अग्राबावर बॉम्ब टाकावेत का? अग्राबा हे 'अलादिन'मधले काल्पनिक शहर. पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या रिपब्लिकन मतदारांपैकी ३० टक्के 'हो' म्हणाले, डेमोक्रॅटांपैकी १९ टक्के. नकाशावर नसलेले गाव, पण नावाला तिकडचा वास आला एवढे पुरे झाले.

खरे तर अलादिनची गोष्ट मुळात त्या वाळवंटातली नाहीच. अँतवान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला ती अलेप्पोहून पॅरिसला आलेल्या हन्ना दियाब या ख्रिस्ती तरुणाने १७०९मध्ये सांगितली. तिच्यातला अलादिन राहतो चीनमधल्या एका शहरात, आणि मागण्यांना तीनची मर्यादाही नाही. जाफर आणि अबू ही नावे डिस्नेने घेतली ती १९४०च्या 'थीफ ऑफ बगदाद'वरून. त्यातला अबू साकारला होता साबू दस्तगीर या म्हैसूरकडच्या माहुताच्या मुलाने. आपल्याकडचा एक मुसलमान पोरगा पडद्यावरच्या बगदादमध्ये चोर झाला होता आणि पुढे त्याच्या वाट्याचे नाव एका माकडाला मिळाले, ही मजा (की सजा?) जाता जाता सांगून ठेवतो.

मग मुलांना हा सिनेमा दाखवायचा की नाही? "मुलांचा सिनेमा तो, त्यात काय एवढे!" हे उत्तर मला आळशीपणाचे वाटते. "फेकून द्या" हेही पटत नाही, कारण याच सिनेमात एक प्रसंग असा आहे की तसा नेकीचा धडा मी भल्याभल्या पुस्तकांत पाहिलेला नाही.

दिव्यातला जिन्न हजारो वर्षांचा गुलाम आहे. सगळ्यांना हवे ते देणाऱ्या या जिन्नला स्वतःला काय हवे, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. अलादिन विचारतो. जिन्न म्हणतो, सुटका. अलादिन वचन देतो, तिसरी मागणी तुझ्यासाठी. पुढे त्याचे सोंग साधते, राजकन्येशी लग्न ठरते, राज्यही मिळायची वेळ येते, आणि तो वचन मागे घेतो. त्याच्यात दुष्टपणा नाही. त्याला भीती वाटते, की जिन्न गेला तर आपण खरे कोण ते उघडे पडेल. माणसे जुलूम करतात ती पुष्कळदा अशीच, पोटात भीती घेऊन. शेवटी जिन्न स्वतः म्हणतो, तुला पुन्हा राजपुत्र करतो. अलादिन ते नाकारून त्याला मोकळे करतो. कुरआनच्या सूरह अल्-बलदमध्ये मान सोडवण्याला, गुलामाला मोकळे करण्याला, अवघड चढण म्हटले आहे. ती चढण म्हणजे काय, ते मुलाला इथे डोळ्यांनी दिसते.

आमच्या आजीच्या गोष्टींतला जिन्न मात्र कोणाच्या दिव्यात बसणारा नव्हता. तो चिंचेवर राहायचा, पोराच्या रूपात मदरशात येऊन सबक घ्यायचा, त्यालाही हिशेबाचा दिवस होता. डिस्नेचा निळा जिन्न त्या जातीचा नाही. तरीही त्या सिनेमाने त्याला इच्छा दिली, दुःख दिले, अब्रू दिली. कोडे आहे ते इथे. जो सिनेमा एका जिन्नला पुरता माणूस मानू शकला, त्याला बाजारातल्या माणसाला माणूस मानणे का जमले नाही? गुलामीचे दुःख ज्यांना कळले होते, त्यांना फळवाल्याचा चेहरा का दिसला नाही?

"तो काळच तसा होता" हे उत्तर चालणार नाही. १९९५मध्ये 'द इंडियन इन द कपबोर्ड' आला. त्यात ओम्री नावाच्या मुलाच्या कपाटात प्लास्टिकचा रेड इंडियन बाहुला जिवंत होतो. तो इरोक्वॉई जमातीचा असतो आणि तंबूऐवजी आपल्या लोकांचे लांबट लाकडी घर बांधतो. मुलाला हळूहळू उमगते, की हातात मावतो म्हणून हा खेळणे होत नाही; त्याला स्वतःचे जग आहे आणि तिथे परत पाठवणे आपल्यावर आहे. या सिनेमातही खोट काढता येईल. पण साच्यातला माणूस साचा मोडून बोलू शकतो, हे त्याच दशकात, मुलांच्याच सिनेमात कोणाला तरी सुचले होते.

राहिला लहानपणच्या प्रेमाचा प्रश्न. काही मित्र ते प्रेम आठवून आता शरमतात. मला यात शरमण्यासारखे दिसत नाही. मुलाने कंपनीला प्रशस्तिपत्र दिलेले नसते. त्याने अलीची मिरवणूक घेतली, वचन पाळणे घेतले, आणि रानटीपणा बाजूला राहू दिला, कारण आपल्या घरात तो त्याने पाहिलेला नव्हता. जे घेतले ते त्याचे झाले. मोठ्यांचे काम निराळे आहे; मुलांच्या शेजारी बसायचे आणि बाजार आला की तोंड उघडायचे.

मध्यंतरी भाचीबरोबर बसलो असताना मी तेच केले. हात तोडायची अशी रीत नसते, वगैरे समजावू लागलो. तिने ऐकून घेतले. मग विचारले, "मामू, त्या सफरचंदवाल्या मुलाचे घर कुठे आहे?" सिनेमात ते नाही, मी म्हणालो. तिने थोडा विचार केला आणि त्याच्या अम्मीला बांगड्यांचे दुकान देऊन टाकले, मशिदीच्या मागच्या गल्लीत.