सेवेसाठी देव थांबला

सज्जनहो, दिवाळीच्या पाडव्यापासून मोजले म्हणजे अकराव्या तिथीला कार्तिकी एकादशी येते. भाऊबीजेचे ओवाळणे आटोपले की माळकऱ्याच्या घरात टाळांच्या दोऱ्या बदलतात, पताका झाडून ठेवतात आणि पडशीत फराळाचे दोन डबे जास्त पडतात. प्रपंचाचा सण आणि परमार्थाचा सण असे पाठोपाठ येतात. वर्षातून हे चार दिवस असे, की पोटापाण्यासाठी लांब गेलेली मुले घरी येतात, लेकी माहेरी येतात आणि म्हातारा-म्हातारी दारात वाट पाहत बसतात.

पण दुखणे काही पंचांग पाहून येत नाही. ऐन सणात घरचे वडीलधारे माणूस इस्पितळात पडले, तर त्या घरी काय होते, हे पुष्कळांनी अनुभवलेले आहे. घरात कंदील लावावा की नाही, हा साधा प्रश्नसुद्धा भांडणाला कारण होतो. सगळी भावंडे सणामुळे एकत्र आलेली असतात आणि वर्षानुवर्षांचे साचलेले बोलणे त्या इस्पितळाच्या ओट्यावर बाहेर पडते.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे अशा घरांतले प्रश्न वरचेवर येऊ लागले आहेत. त्यांतला एक येथे मांडतो. नावगावाची गरज नाही. एक शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ, कार्तिकीची वारी कधी चुकली नाही असा. त्याचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री मोरीत घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. शहरातल्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. धाकटा भाऊ त्याच शहरात नोकरीला, तो म्हणे, "पैसा मी भरतोय." थोरला म्हणे, "जन्मभर संभाळलं मी." भाऊबीजेला आलेली बहीण म्हणे, "मला कुणी विचारलंच नाही." तेवढ्यात कोणी शहाण्याने काढले, की अप्पा शुद्धीवर आहेत तोवर सातबाऱ्याचे काय ते करून घ्या, कागदावर अंगठा घ्या. बहिणीकडे हक्कसोडीची गोष्ट निघाली. झाले! म्हातारा आत कण्हतो आहे आणि बाहेर तिन्ही लेकरे एकमेकांकडे पाठ करून बसलेली.

अशा वेळी तो थोरला आमच्याकडे आला आणि म्हणाला, "महाराज, आठ दिवसांवर एकादशी आली. नेम मोडू का?"

सज्जनहो, वारकऱ्याला या प्रश्नाचे उत्तर शोधायला कोठे लांब जावे लागत नाही. आपल्या पंथाचे आद्य पीठ ज्याच्यामुळे उभे राहिले, त्याचीच ही गोष्ट आहे. आपल्या जयघोषात पहिले नाव कोणाचे येते? पुंडलिकाचे. विठ्ठलाचे नाव त्याच्या मागून येते. चंद्रभागेत स्नान केल्यावर वारकरी आधी कोणाच्या पायांवर डोके ठेवतो? वाळवंटातल्या पुंडलिकाच्या. मग महाद्वाराकडे वळतो. हा क्रम पूर्वजांनी उगीच घातलेला नाही.

देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईबापांचे पाय दाबीत होता. त्याने हातातले पाय सोडले नाहीत. जवळ पडलेली वीट मागे सरकवली आणि देवाला तिच्यावर उभे राहायला सांगितले. देव रागावला नाही. कटीवर कर ठेवून उभा राहिला तो आजतागायत उभाच आहे. ज्याच्या दर्शनाला आपण पायी जातो, तो देव मुळात त्या जागी आला कशाला आणि थांबला कशासाठी, याचा विचार आपण केला पाहिजे. आईबापांची सेवा पाहायला आला आणि ती सेवा पुरी होईपर्यंत थांबला. जो स्वतः सेवेसाठी थांबला, तो सेवेसाठी थांबलेल्या वारकऱ्यावर रुसेल कसा?

म्हणून आम्ही त्या माळकऱ्याला सांगितले, "बाबा, नेम मोडत नाही. या साली तुझे वाळवंट इस्पितळात आहे. तिथे नाम घे, हरिपाठ म्हण, एकादशी धर. पण बापाच्या उशाशी राहून."

येथे कोणी म्हणेल, असे सांगू लागलात तर उद्या जो तो घरचे निमित्त काढून वारी बुडवील. शंका रास्त आहे. तिची परीक्षाही सोपी आहे. वारी सोडून जो दिवस हातात राहिला तो कोणाला दिला, ते पाहावे. बापाच्या अंगाला पाणी लावण्यात गेला, तर वारी पोहोचली. बाहेरच्या बाकावर बसून मोबाईल चाळण्यात आणि भावाच्या चहाड्या करण्यात गेला, तर वारीही गेली आणि सेवाही गेली. अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला आणि पांडुरंगच त्यांना भेटायला आला, असे परंपरा सांगते. पण त्यांच्या मळ्यात खरोखर मोट चालत होती, खरोखर भाजी पिकत होती, हे विसरू नये.

आता पुंडलिकाच्या गोष्टीतली दुसरी खूण पाहू. त्याने बायकोला हाक मारून सांगितले नाही, की "तू जरा पाय दाब, मी देवाला भेटून येतो." हात त्याचे स्वतःचे होते. आपल्याकडे सेवा लेकाच्या नावावर जमा होते आणि करते सून. रात्रीचे जागरण तिचे, भांडे धुणे तिचे, धुणेही तिचे, आणि चार पाहुणे आले की "अमक्याने बापाची काय सेवा केली हो!" असे बोलतात. सज्जनहो, हा पुंडलिकाचा मार्ग नव्हे. सुनेने केले तर तो तिचा मोठेपणा. लेकाचे कर्तव्य त्याने फिटत नाही. ज्या बापाने आपले मळमूत्र काढले, त्याचे काढताना लाज कसली?

तिसरी खूण याहून नाजूक आहे. पुंडलिक पहिल्यापासून चांगला मुलगा नव्हता. आईबापांना त्रास देणारा, काशीच्या वाटेवर स्वतः घोड्यावर बसून त्यांना पायी चालवणारा, असेच त्याचे वर्णन येते. कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. म्हणजे आपला आद्य भक्त हा उशिरा जागा झालेला मुलगा आहे! ही गोष्ट घरोघरच्या थोरल्यांनी ध्यानात ठेवावी. दहा वर्षे न फिरकलेला भाऊ दिवाळीत इस्पितळाच्या दारात आला, तर "आत्ता आलास होय!" म्हणून त्याला माघारी लावू नये. त्यालाही एक रात्र उशाशी बसू द्यावे. कोणाचे डोळे कोठे उघडतील हे आपण कोण ठरवणार?

आणि ज्यांचे वडील खरेच कठोर होते, ज्यांनी मार आणि शिव्याच खाल्ल्या, त्यांचे काय? त्यांना आम्ही खोटे प्रेम आणायला सांगत नाही. मनात कढ आहे तर असू द्या. पण पाणी मागितले तर पाणी द्यावे, कूस बदलावी, औषध वेळेवर द्यावे. एवढे केल्याने जुना हिशेब फिटला असे होत नाही. पण नवा हिशेब आपल्या नावावर चढत नाही. एकट्याच्याने होत नसेल तर दुसऱ्याला बोलवावे. त्यात पाप नाही.

भावाभावांच्या वाटणीविषयी तुकोबारायांचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवावे. आईबाप गेले, थोरला भाऊ सावजी विरक्त होऊन निघून गेला, दुष्काळाने घर धुऊन नेले. महिपतींनी सांगितल्याप्रमाणे तुकोबांनी येण्याच्या खतांचे दोन वाटे केले. कान्होबाचा वाटा कान्होबाला दिला आणि स्वतःचा इंद्रायणीत सोडला. यातले मर्म असे, की त्यांनी वैराग्य फक्त स्वतःच्या वाट्यावर केले. धाकट्याचा वाटा बुडवून ते विरक्त झाले नाहीत. आपण उलट करतो. त्यागाचा उपदेश बहिणीला आणि कागद आपल्या पेटीत. लेकीलाही लेकाइतकाच वारसा आहे, हे २००५ च्या दुरुस्तीनंतर देशभर कायद्याने पक्के झाले आहे. ओवाळणीच्या ताटात हक्कसोडीचा कागद ठेवणे ही भाऊबीज नव्हे. आणि गुंगीत असलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा घेणे हे तर कोणत्याच शास्त्रात बसत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. संभाळण्याच्या अटीवर मिळकत घेऊन पुढे न संभाळल्यास ते हस्तांतर रद्द ठरवता येते, अशी तरतूद त्यात आहे. कायद्याला हे लिहावे लागले, यातच आपली लाज आहे.

पुष्कळ भांडणे मुळात पैशाच्या धास्तीची असतात, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धनत्रयोदशीच्याच दिवशी, आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता लागू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचाराची सोय त्यात आहे. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटावे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीने राखलेल्या असतात. वडिलांचे कार्ड सणाआधी, धडधाकट असतानाच काढून ठेवावे. बिलाचा कागद एकाने लपवू नये. तिघांपुढे उघडा ठेवावा. निम्मा संशय तिथेच मरतो.

खाटेजवळच्या सेवेचेही काही नेम आहेत. ते आम्ही डॉक्टरांकडून व नर्सबाईंकडून ऐकलेले आहेत. निजून असलेल्या रोग्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर सांगतील तितक्या लवकर उठवून बसवावे. "दुखतंय, पडू द्या" अशी माया घातक होते, छातीत कफ साठतो. घरचा फराळ विचारल्याशिवाय भरवू नये, आणि जे द्यायचे ते बसवून द्यावे. रात्री म्हातारा भलतेच बोलू लागतो, मेलेल्या भावाला हाक मारतो, सलाईन ओढतो. त्याला वेड लागले असे समजू नये, त्याच्याशी वादही घालू नये. हे वृद्धांना आजारात होते, बहुधा ओसरते. पण डॉक्टरांच्या कानावर लगेच घालावे. चष्मा, कानातले यंत्र जवळ ठेवावे, हळू आवाजात नाव सांगावे, दिवस सांगावा. डॉक्टरांशी बोलायला घरातले एकच माणूस ठेवावे आणि त्याने बाकीच्यांना जसेच्या तसे सांगावे. रात्रीच्या पाळ्या ठरवाव्यात. आणि सर्वांत मोठा नेम: भांडण खोलीच्या आत नेऊ नये. डोळे मिटलेल्या माणसाला ऐकू येत असते.

दिवाळी इस्पितळात कशी करायची, असे बायाबापड्या विचारतात. त्यांना आमचे सांगणे असे, की हा सण आजाऱ्याला परका नाही. धनत्रयोदशीला धन्वंतरीची पूजा होते आणि अकाली मरण टळावे म्हणून दक्षिणेकडे तोंड करून यमाचा दिवा लावतात. भाऊबीजेला तर यमच बहिणीच्या घरी जेवायला गेला. ज्या सणात यमालासुद्धा ओवाळतात, तो सण आजाऱ्याच्या खाटेपाशी थांबेल कशाला? इस्पितळात निरांजन पेटवू नये, प्राणवायूच्या नळ्या असतात. न पेटवता ताट धरावे, कुंकू लावावे, भावाला खाटेशेजारीच ओवाळावे. घरी पोरांसाठी एक पणती जरूर लावावी. पोरांनी आनंद केला म्हणून आजोबांचा अनादर होत नाही.

त्या घरचे पुढे काय झाले, हे विचाराल. थोरला एकादशीला बापाच्या उशाशी राहिला. धाकट्याने पहिल्यांदा रात्रीची पाळी घेतली. पहिल्या रात्री त्याला बापाला कुशीवर कसे वळवावे तेही येईना, ते बहिणीने दाखवले. अंगठ्याची गोष्ट तूर्त मिटली. म्हातारा काठीची चौकट धरून दारापर्यंत चालू लागला आहे. भावाभावांचे बोलणे अजून बेताचेच आहे. पण औषधाची वेळ चुकत नाही, आणि "आज कुणाची पाळी?" एवढे एक वाक्य दोघांत रोज होते. आम्ही म्हणतो, एवढ्यावरही पांडुरंग पाऊल टाकतो.

तेव्हा वारकरीहो, या कार्तिकीला ज्यांना जाता येईल त्यांनी जावे, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाच्या पायांवर डोके ठेवताना, जे इस्पितळात जागत आहेत त्यांचीही आठवण करावी. गावातल्या कोणाची अशी अडचण असेल, तर जाण्याआधी त्याच्या घरी एक डबा पोहोचवावा, एक रात्र त्याच्या बापाजवळ बसावे, म्हणजे तो घटकाभर पाठ टेकील. आणि जे जाऊ शकणार नाहीत त्यांनी जीव खाली टाकू नये. हातातले पाय सोडू नयेत. देवाला थांबायची सवय आहे.

रामकृष्णहरी.