चित्राला करमेना, म्हणून गोष्ट

आमच्या सोलापुरातल्या घरी आठ वर्षांची नात आहे. जुन्या वहीच्या मागच्या पानांवर ती पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी अशी चित्रे काढते आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळींची गोष्ट लिहिते. एका चित्रात मडके आहे, त्याच्या काठावर चिमणी. खाली लिहिले होते : ‘पाणी तळाला गेले. चिमणी उद्या परत येणार आहे.’ झाली गोष्ट! वही ती कोणाला दाखवीत नाही. रद्दी आवरताना ती माझ्या हाती लागली. मी विचारले, “अगं, कोणी बघणार नाही, तर काढतेस कशाला?” ती म्हणाली, “आजोबा, चित्राला एकट्याला करमत नाही, म्हणून गोष्ट लिहिते.”

मी हसलो, पण रात्री झोप येईना. कारण प्रश्न तिला विचारला खरा, तो होता माझाच.

पाठशाळेत आम्ही मम्मटाचा ‘काव्यप्रकाश’ शिकलो. काव्याची सहा प्रयोजने त्यात सांगितली आहेत : कीर्ती, द्रव्य, व्यवहाराचे ज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ मिळणारा परमानंद आणि प्रियेने गोडीने सांगावा तसा उपदेश. मम्मटाने या सर्वांच्या मस्तकी बसविला आहे तो आनंद. आम्ही हे घोकले, परीक्षेत लिहिले. पुढे चाळीस वर्षे कीर्तन करताना मात्र पहिली दोनच बरी लक्षात राहिली.

चित्र आणि कथा यांची जोडी काही आजची नव्हे. आपल्या सोलापुराहून फार लांब नसलेल्या कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला; चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख त्यात आहे. ही परंपरा सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने आजवर राखली. तिथे ती मी डोळ्यांनी पाहिली. एका आख्यानाच्या चित्रांच्या जुडीला ते ‘पोथी’च म्हणतात. सांगणारा एकेक कागद उभा धरतो, टाळ-वीणा-हुडुकाच्या साथीने तेवढा प्रसंग सांगतो आणि पुढचा कागद घेतो. चित्रातला रावण हात उगारून जागच्या जागी उभा. त्याला चालवतो तो सांगणाऱ्याचा शब्द. आणि शब्दाला जे दाखवता येत नाही, तो डोळा, तो मुकुट, तो रंग चित्र दाखवते. सांख्यांचा पंग्वंधन्याय तो हाच : पांगळ्याला दिसते पण चालवत नाही, आंधळ्याला चालवते पण दिसत नाही, एकाच्या खांद्यावर दुसरा बसला की दोघेही घरी पोचतात.

कोणी म्हणेल, “बुवा, चित्रकथी तरी पोटासाठीच फिरत होता ना?” होय, फिरत होता. पोट हे पाप नव्हे. मम्मटानेही द्रव्य वगळलेले नाही. पण संस्थानचा आश्रय सरला, लोक सिनेमाकडे वळले, तेव्हा पोटाच्या हिशेबाने ही पोथी केव्हाच मिटायला हवी होती. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी ती मिटू दिली नाही. घरच्या गोठ्याचे त्यांनी संग्रहालय केले. 2021 साली पद्मश्री मिळाली, ती मागाहून. काम आधी, मान मागून; हा क्रम उलटला की कला सुकते.

आता माझी गोष्ट ऐका. पुष्कळ वर्षांपूर्वी एका खेड्यात पावसाळी रात्री कीर्तनाला उभा राहिलो. समोर माणसे मोजून आठ. बिदागी किती मिळणार हे तिथेच कळले. चंद्रभागेच्या वाळवंटात हरवलेल्या लेकराचा दृष्टांत घेतला होता. तो मध्येच सोडला, चार वाक्यांत आटोपले आणि आरती केली. सकाळी एसटीची वाट पाहत होतो, तर एक म्हातारी चिखल तुडवीत आली. म्हणाली, “महाराज, ते लेकरू सापडलं का वो शेवटाला?”

“सापडलं, माई,” म्हणालो आणि गाडीत चढलो. रात्रभर ती माउली त्या लेकराला शोधीत होती आणि मी पाकीट मोजीत होतो! कीर्तन विकणाऱ्याला तुकोबारायांनी कठोर शब्द का ऐकवले, हे मला ग्रंथाने नाही, त्या म्हातारीने शिकविले.

तर माणूस चित्र का काढतो, गोष्ट का सांगतो? जे दिसले ते एकट्याच्याने धरवत नाही म्हणून. त्याला सोबत हवी असते. चित्राला गोष्टीची, गोष्टीला ऐकणाऱ्याची. पालखीच्या वाटेवर बाया रांगोळी काढतात. घटकेत ती हजारो पावलांखाली पुसली जाणार, हे ठाऊक असून एक ठिपका चुकू देत नाहीत. माझ्या नातीचे तेच. पाहणारा नसला तरी तिने चिमणीला उद्याचा भरवसा दिला आहे. अर्ध्यावर सोडलेली नाही.

आता मी डोकी मोजीत नाही, असे म्हणणार नाही. सवय जुनी आहे. पण मोजून झाली की ती म्हातारी समोर बसली आहे असे समजतो आणि लेकरू सापडेपर्यंत गोष्ट सोडीत नाही.

रामकृष्णहरि.