अनंतात एक मिळवला तर?



आजचं वाचन ईशावास्य उपनिषदाचा शांतिमंत्र. पूर्णातून पूर्ण काढलं तरी मागे पूर्णच राहतं, असा त्याचा भाव. इंजिनिअरिंग शिकलेल्या डोक्यात लगेच प्रश्न येतो: मग अनंत ही संख्या धरून हिशेब करता येईल का?

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'बीजगणिता'त हा विषय आहे. राशीला शून्याने भागून जे येतं त्याला ते 'खहर' म्हणतात. त्यात कितीही मिळवा, कितीही वजा करा, फरक पडत नाही. दाखला देतात तो अच्युताचा: प्रलयात जीव त्याच्यात जातात, सृष्टीच्या वेळी बाहेर येतात, तो तसाच राहतो.

आता आपल्या जुन्नरजवळच्या नाणेघाटात या. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची दक्षिणा आकड्यांत कोरली आहे: गाई १७००, हत्ती १०. समजा, अनंतात १ गाय मिळवली, उत्तर अनंत. १७०० मिळवल्या, तरी अनंतच. मग दोन्हीकडचा अनंत खोडला तर १ बरोबर १७००! म्हणजे साध्या संख्येसारखा अनंत खोडता येत नाही.

वजाबाकीचंही तेच. १, २, ३... यातून सगळ्या सम संख्या काढा, अनंत विषम उरतात. ११ पासून पुढच्या सगळ्या काढा, फक्त १० उरतात. दोन्ही वेळा अनंतातून अनंतच काढला, उत्तरं वेगळी. म्हणून कॉम्प्युटर अनंत साठवतो, त्यात एक मिळवूनही देतो. पण अनंतातून अनंत वजा करायला सांगितलं की 'नॅन' म्हणतो, म्हणजे 'ही संख्याच नाही'. उपनिषदातलं पूर्ण हा मोजायचा ढीग नाहीच.

हे रोजच्या जगण्यात कुठे लागतं? "देवाला काय कमी आहे?" असं म्हणून आपण हात आखडता घेतो, तिथे. वाक्य खरं आहे, पण त्यावरून "मग दिलं काय, न दिलं काय" म्हणणं म्हणजे अनंत खोडून १ आणि १७०० सारखे करणं. देवापाशी ते सारखे असतील. घेणाऱ्याच्या गोठ्यात नाहीत. कांदा काढणीची मजुरी थकवून मंदिरात पावती फाडली, तर देवाकडे भर पडली नाही आणि मजुराच्या घरी मात्र कमी पडलं.

देवापुढे आकडा मिरवू नये, आणि माणसाचा आकडा बुडवू नये. आज कुणाचं देणं राहिलंय का, एवढं बघूया.

रामकृष्णहरी.