माफी द्यायची कोणी?

हुकूमशहाला पळवून लावणे अवघड असते, पण तो पळाल्यावर जो प्रश्न उभा राहतो तो त्याहून अवघड असतो. त्याच्या राजवटीत ज्यांनी लाठ्या चालवल्या, खोटे जबाब लिहून घेतले, कोठडीत माणसे मारली, सरकारी तिजोरी लुटायला हातभार लावला, त्यांचे काय करायचे? ती माणसे परदेशी पळालेली नसतात. ती त्याच गल्लीत राहतात, त्याच सफमध्ये नमाजाला उभी राहतात. आपल्याकडे अशा वेळी वडीलधारी मंडळी म्हणतात, झाले गेले गंगेला मिळाले. घरातल्या भांडणात हे शहाणपण चालून जाते. देशाच्या बाबतीत चालते का? ट्युनिशियाचा अनुभव समोर ठेवून आम्ही हा प्रश्न विचारत आहोत.

17 डिसेंबर 2010 रोजी सिदी बुझीद या गावात मोहंमद बुअझिझी या 26 वर्षांच्या फळविक्याचा माल आणि तराजू जप्त झाला. दाद मागायला गेला तर कोणी ऐकून घेईना. त्याने सरकारी कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतले आणि 4 जानेवारी 2011 रोजी तो मरण पावला. तोवर गावोगावचे लोक रस्त्यावर आले होते. 23 वर्षे सत्ता भोगलेले झिन अल आबिदीन बेन अली 14 जानेवारीला सौदी अरेबियाला पळाले. त्या उठावात 338 माणसे मेल्याचे चौकशी समितीने नोंदवले.

पुढे 2013 च्या अखेरीस कायदा झाला आणि 2014 मध्ये सत्य आणि प्रतिष्ठा आयोग स्थापन झाला. त्याच्याकडे 62 हजारांहून अधिक तक्रारी आल्या. 17 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पहिली जाहीर सुनावणी झाली आणि ती साऱ्या देशाने दूरदर्शनवर पाहिली. 1991 मध्ये गाबेस शहरात अटक होऊन पोलिसांच्या ताब्यात मेलेल्या एका तरुणाची आई तिथे बोलली. त्याचे कुटुंब वर्षानुवर्षे तुरुंगांचे दरवाजे ठोठावत राहिले होते. आता तिला मुलाचे अवशेष हवे होते, दफन करण्यासाठी. कासरीन हा मागास प्रांत तर अख्खाच्या अख्खा 'पीडित प्रदेश' म्हणून आयोगाच्या दारात आला. आमच्या वाट्याचा पैसा कुठे गेला, हा त्याचा सवाल होता.

हा रस्ता लांबचा होता आणि राजकारण्यांना घाई होती. जुन्या राजवटीच्या पुढाऱ्यांना सरसकट निवडणुकीतून बाद करण्याचे कलम 2014 मध्ये संसदेत एका मताने पडले. ते पडले हे बरेच झाले, असे आम्हाला वाटते. चौकशीशिवाय सरसकट शिक्षा हाही जुलूमच. पण सप्टेंबर 2017 मध्ये संसदेने दुसरे टोक गाठले. वरच्यांच्या हुकमावरून भ्रष्टाचाराला हात लावला, पण स्वतः पैसा खाल्ला नाही, अशा अधिकाऱ्यांना तिने माफी देऊन टाकली. हा कायदा मांडणारे राष्ट्राध्यक्ष बेजी काईद एस्सेबसी हे कधीकाळी बेन अलींच्या संसदेचे सभापती होते. बेन अलींच्या तुरुंगात ज्यांचे हजारो कार्यकर्ते सडले, त्या राशिद घन्नूशींच्या अन्नहदा पक्षानेही साथ दिली. रस्त्यावर मात्र तरुण-तरुणी 'मानीश मसामेह' अशा घोषणा देत होते. याचा अर्थ, मी माफ करत नाही.

माफीच्या बाजूचे म्हणणे पोकळ नव्हते. दफ्तरे चालवायला अनुभवी माणसे लागतात, बेकारी वाढत होती, शेजारचा लिबिया सूडाच्या आगीत जळत होता. आणि मुस्लिम समाजात अशा वेळी मक्का विजयाचा दाखला आठवतोच. पैगंबर मुहंमद (स.) यांनी ज्या शहरातून त्यांना जावे लागले त्याच शहराला इ.स. 630 मध्ये सर्वसाधारण माफी दिली. याहून मोठे उदाहरण कोणते?

उदाहरण मोठेच आहे, पण ते नीट वाचले पाहिजे. तिथे माफ करणारे स्वतः मजलूम होते. घरदार त्यांचे गेले होते, रक्ताचे नातलग त्यांचे मारले गेले होते. आणि कोणी काय केले हे सगळ्यांना ठाऊक होते, काही दडवलेले नव्हते. खुनाच्या बाबतीत माफ करण्याचा अधिकार कुरआनने मयताच्या वारसांना दिला, दरबाराला नाही. हुकूक-उल-इबाद, म्हणजे माणसाचे माणसावरचे हक्क, यांचा हिशेब ज्याचा हक्क मारला गेला त्याच्याशीच करावा लागतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. मग कासरीनच्या वाट्याचा पैसा संसद कोणत्या नात्याने माफ करणार? आणि त्या आईला तर मुलाची कबर कुठे आहे हेही कळलेले नाही. तिने माफ करायचे ठरवले तरी कोणाला आणि कशाबद्दल माफ करायचे?

छळाचे खटले 2018 पासून विशेष न्यायालयांत सुरू झाले. पहिला खटला गाबेसच्या त्याच तरुणाचा. तारखांवर तारखा पडल्या, आरोपी पोलीस बहुधा फिरकलेच नाहीत. वर्षे गेली. गणवेश तोच राहिला, कोठड्या त्याच राहिल्या आणि वरून हुकूम आला की हिशेब द्यावा लागत नाही, हा धडाही तसाच राहिला.

25 जुलै 2021 रोजी राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली. एप्रिल 2023 मध्ये घन्नूशींना अटक झाली. ऑगस्ट 2024 मध्ये खुद्द सत्य आयोगाच्या अध्यक्षा सिहेम बेन्सेद्रीन यांना, आयोगाच्या अहवालात फेरफार केल्याच्या आरोपाखाली, तुरुंगात टाकले गेले. त्या फेब्रुवारी 2025 मध्ये बाहेर आल्या. याला केवळ त्या माफीचा परिणाम म्हणणे अन्यायाचे होईल. महागाई, पक्षांची भांडणे, लोकांचा भ्रमनिरास, अशी कारणे पुष्कळ आहेत. पण नव्या हुकूमशाहीला यंत्रणा नव्याने उभारावी लागली नाही, हे तर खरे.

आम्ही सूडाच्या बाजूचे नाही. माफी हा माणसाचा मोठा गुण आहे, म्हणूनच ती दुसऱ्याच्या खिशातून देता येत नाही. राज्यकर्त्यांच्या हाती दोन गोष्टी असतात. काय घडले ते उघड करणे आणि ज्याचे गेले त्याला विचारणे. त्या आईला आधी मुलाची कबर दाखवली पाहिजे. माफीचा प्रश्न त्यानंतरचा आणि तिचा एकटीचा.